ओठावर आलेले नाव आणि सारंगखेड्याची यात्रा

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात :

"मी अमळनेरला राहते, वय ६१. ३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गेल्या महिन्यात बाजारात एक तरुण पाया पडला आणि म्हणाला, 'बाई, ओळखलंत का?' तो वर्गात कुठे बसायचा, 'ळ' कसा उलटा काढायचा, सारे डोळ्यांसमोर आले. नाव मात्र आठवेना. गॅसवर दूध ठेवून गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) उलटायला गेले आणि पातेले करपले. चष्मा आणि किल्ल्या रोज शोधते. मंडळात विष्णुसहस्रनाम पाठ करायला घेतले, पण सकाळी म्हटलेले संध्याकाळी आठवत नाही. शहाद्याच्या धाकट्या बहिणीशी तर वादच झाला. लहानपणी सारंगखेड्याच्या यात्रेत हरवले ते मी. ती म्हणते, ती. माझ्या सासूबाई शेवटची सहा वर्षे स्मृतिभ्रंशाने आजारी होत्या. पोटच्या मुलाला ओळखत नव्हत्या, पण खापरावर मांडे टाकायच्या आणि कानबाईची गाणी म्हणायच्या. तेव्हा आम्हाला वाटायचे, सोंग करतात. आता माझेही तेच होणार का? तीन आठवडे काय काय विसरले ते वहीत लिहिते आहे, त्या पानांची झेरॉक्स सोबत जोडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ९ वर्षे चालू आहे. पुण्याचा मुलगा स्मरणशक्तीच्या गोळ्या पाठवतो म्हणतो. घ्याव्यात का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राआधी मी तुमच्या वहीची पाने वाचली, आणि खरे सांगायचे तर माझी निम्मी काळजी तिथेच मिटली. तीन आठवड्यांत २३ नोंदी, प्रत्येकीवर तारीख आणि वेळ, आणि वर तपशील असा, की दुपारी साडेचार वाजता बिबड्यांची दुसरी ओळ उलटत असताना करपल्याचा वास आला आणि जिना उतरताना डाव्या पायातली चप्पल निसटली. आपण काय विसरलो हे ज्या माणसाला इतके नीट आठवते, त्याची स्मृती कामावर हजर आहे. स्मृतिभ्रंशात बहुतेकदा तक्रार घरचे करतात आणि ज्याची तक्रार होते त्याला आपले काही चुकते आहे याचा पत्ताच नसतो. हा काही अपवाद नसलेला नियम नव्हे, आणि मी मानसशास्त्र शिकवले आहे, दवाखाना चालवलेला नाही. म्हणून तपासणीचा भाग पुढे डॉक्टरांवरच सोपवणार आहे. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून टाकतो. सासूबाईंचा आजार तुमच्या रक्तात येण्याचा मार्गच नाही. त्यांच्याकडून तुमच्याकडे मांड्यांचा हात आला असेल, आजार नाही.

तुमच्या २३ नोंदींपैकी ११ नावांच्या आहेत, ६ चष्म्याच्या आणि किल्ल्यांच्या, ३ 'या खोलीत कशाला आले' अशा आणि २ गॅसच्या. उरलेली एक, म्हणजे सतरावी, शेवटी घेतो.

नावांपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त मनस्ताप तुम्ही त्यांचाच करून घेतला आहे. नाव ही स्मृतीला धरायला फार निसरडी वस्तू आहे. एखाद्याला सांगितले की हा गृहस्थ सोनार आहे, तर ऐकणाऱ्याच्या मनात भट्टी, फुंकणी, तराजू, गल्लीतले दुकान असे दहा धागे जोडले जातात आणि पुढे त्यांतला कोणताही एक धागा ओढला तरी 'सोनार' वर येतो. त्याच गृहस्थाचे आडनाव सोनार आहे असे सांगितले, तर धागा एकच. तो तुटला की संपले. ब्रिटनमधील संशोधकांनी १९८७ साली नेमके हेच तपासले होते. चेहरा आणि शब्द तेच ठेवले, पण तो शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तेव्हा लोकांना जास्त आठवला आणि आडनाव म्हणून सांगितला तेव्हा कमी. त्यात तुम्ही ३४ वर्षे शिक्षिका. वर्षाला चाळीस मुले धरली तरी तेराशेहून अधिक नावे होतात, आणि आपल्या खान्देशात त्यांतली निम्मी पाटील, महाजन आणि चौधरी यांच्यात वाटली गेलेली असणार. सारखी सारखी नावे एकमेकांच्या वाटेत येतात. नवे नाव जुन्याला मागे ढकलते, जुने नव्याच्या जागी येऊन बसते. विसरण्याच्या कारणांत या आपसातल्या गर्दीचा वाटा फार मोठा आहे, वयाला आपण उगाच सगळा दोष देतो.

तुमची नववी नोंद मला फार आवडली. तुम्ही लिहिता : 'र ने सुरू होते, तीन अक्षरी आहे असे सारखे वाटत होते. दिवसभर तोंडात रमेश येत होते आणि ते नाही हेही कळत होते. रात्री दह्याला विरजण लावताना आठवले : राकेश.' अमेरिकेत रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ साली या 'ओठावर आलेल्या' अवस्थेचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनाही हेच दिसले होते. शब्द सापडत नसतानाही लोकांना त्याचे पहिले अक्षर आणि त्याची लांबी पुष्कळदा बरोबर सांगता येत होती. म्हणजे शब्द पुसला गेलेला नसतो, फक्त तिथवर हात पोहोचत नसतो. आपण जितका नेट लावतो तितका चुकीचा 'रमेश' दार अडवून घट्ट उभा राहतो, आणि नाद सोडून विरजणाकडे वळलो की तो बाजूला होतो. म्हणून रात्री उशिरा का होईना, पण आपोआप आठवलेले नाव हे मी चांगले लक्षण मानतो. राकेशसारखा कोणी पुन्हा भेटला तर सरळ म्हणावे, 'चेहरा ओळखला, कुठे बसायचास तेही आठवते, नाव तू सांग.' बाईंना आपली जागा आठवते हे ऐकून कोणाला राग येईल? मी स्वतः गेल्या वर्षी एका लग्नात सख्ख्या व्याह्यांची ओळख करून देताना त्यांच्या नावापाशी अडलो आणि खोकला आल्याचे सोंग करून वेळ मारून नेली. ते मात्र करू नये.

चष्म्याची आणि किल्ल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना तुम्ही 'विसरले' म्हणता ते मला मान्य नाही. विसरायला आधी ती गोष्ट स्मृतीत जावी लागते. किल्ल्या फडताळावर ठेवताना तुमचे लक्ष दारातल्या भाजीवाल्याकडे होते, त्यामुळे किल्ल्या ठेवल्याची नोंदच झाली नाही. रोज डोळ्यांखालून जाते ते सगळे लक्षात राहते, हा आपला समज किती पोकळ आहे ते पाहायचे असेल तर पाकीट न उघडता सांगा : २० रुपयांच्या नव्या, हिरवट पिवळ्या नोटेच्या मागे कशाचे चित्र आहे? आपल्या शेजारच्याच वेरूळचे आहे, आणि मी विचारले त्यांतल्या फारच थोड्यांना ते सांगता आले. उपाय शिक्षिकेला काय सांगावा! वस्तूची जागा एकच ठरवावी, आणि ठेवताना तोंडाने बोलावे, 'किल्ल्या खुंटीला लावल्या.' बोलायचे म्हटले की लक्ष द्यावेच लागते.

एका खोलीतून दुसरीत गेल्यावर 'कशाला आले' असे होते, त्याचेही फार मनाला लावून घेऊ नका. उंबरठा ओलांडला की मन एक प्रसंग मिटून दुसरा उघडते आणि आधीचा हेतू मागे राहतो. परत पहिल्या खोलीत गेले की तो बहुधा जागेवरच सापडतो.

दुधाचे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिथे गॅस आहे. 'पुढे काहीतरी करायचे आहे' हे लक्षात ठेवणे हा स्मृतीच्या सर्व कामांतला फार लबाड प्रकार आहे, कारण आठवण करून द्यायला समोर काहीच नसते. गच्चीवर सगळ्या बिबड्याच असतात, दूध नसते. आपल्या आज्या पदराला गाठ मारायच्या ते याचसाठी. गाठ काही सांगत नाही, पण ती टोचत राहते. तुम्ही गच्चीवर जाताना हातात दुधाची पळी घेऊन जा. बिबडी उलटायला हात मोकळा लागेल तेव्हा ती पळी अडचण करील, आणि अडचण हाच तिचा उपयोग. मोबाईलवर दहा मिनिटांची घंटा लावली तरी चालेल, पण मोबाईल खाली ओट्यावर विसरता येतो, पळी हातात असते.

विष्णुसहस्रनामाच्या बाबतीत तुमची पद्धत चुकली आहे, स्मरणशक्ती नव्हे. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग करून १८८५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या ते पाठ करीत, ठरावीक वेळ जाऊ देत आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजत. सुमारे २० मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचले, तासाभरानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्क्यांच्या आसपास आणि ३१ दिवसांनंतरही २१ टक्के. पहिल्या तासात जेवढे जाते तेवढे पुढच्या महिन्यात जात नाही. घसरण सुरुवातीलाच तीव्र असते आणि मग ती मंदावते. म्हणून सकाळी वीस श्लोक दहादा वाचून पोथी मिटणे हा सर्वांत तोट्याचा व्यवहार. दोनच श्लोक घ्यावेत, पोथी मिटून ते आठवून म्हणावेत, अडले तरच उघडून पाहावे. तासाभराने पुन्हा, निजताना पुन्हा, दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवण्याचा प्रयत्न जास्त टिकतो, हे अलीकडच्या प्रयोगांतूनही दिसले आहे. तुम्ही मुलांकडून पाढे असेच करून घेतलेत ना? रोज सकाळी, उभे करून, पुस्तक मिटून. तीच शिस्त आता स्वतःला लावायची आहे. आणि निजण्याआधीची उजळणी चुकवू नका, कारण शिकलेले पक्के होण्याचे बरेच काम झोपेतच होते.

आता सारंगखेड्याची यात्रा. या वादात मला तुमच्या पूर्ण पत्रातले एक वाक्य महत्त्वाचे वाटले. तुम्ही लिहिता, 'घोड्यांच्या बाजारात एका गोणीवर लाल फ्रॉक घातलेली मी रडत बसले आहे, हातात जिलेबीचा कागद आहे, हे मला आजही स्पष्ट दिसते.' ताई, स्वतःच्या डोळ्यांना स्वतःचा रडवेला चेहरा कसा दिसेल? तुम्ही पाहत आहात ते बाहेरून पाहिलेले चित्र आहे. एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही, कारण खऱ्या जुन्या आठवणीही पुष्कळदा अशाच बाहेरून दिसतात; पण हे चित्र नंतर जुळवलेले आहे एवढे मात्र नक्की. आठवण म्हणजे कणगीत भरून ठेवलेली ज्वारी नव्हे, की कधीही हात घालावा आणि तेच दाणे बाहेर काढावेत. ती दर वेळी नव्याने थापलेली भाकरी असते. पीठ थोडे त्या दिवसाचे, थोडे वडिलांनी सांगितलेल्या गोष्टीचे, थोडे अल्बममधल्या फोटोचे आणि थोडे पुढे पाहिलेल्या पाच यात्रांचे.

अमेरिकेतील एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर तुमच्या घरासाठीच केल्यासारखा आहे. २४ जणांना त्यांच्या नातेवाइकांकडून मिळवलेले बालपणीचे तीन खरे प्रसंग सांगितले आणि त्यांतच एक खोटा मिसळला : पाच वर्षांचे असताना तुम्ही बाजारसंकुलात हरवला होता आणि एका वयस्कर व्यक्तीने तुम्हाला शोधून आणले. सुमारे चौथा हिस्सा लोकांना हा न घडलेला प्रसंग पूर्णतः किंवा अंशतः 'आठवला', आणि काहींनी त्यात स्वतःचे तपशीलही घातले. त्यांच्यापैकी कोणी थापा मारत नव्हते. तुमच्या घरी तर हरवण्याचा प्रसंग खराच घडला, वडील तो दर दत्तजयंतीला सांगत, दोघी बहिणी मांडीला मांडी लावून ऐकत, आणि दोघींच्या मनाने आपापली भाकरी थापली. हरवलेली कोण, हे आता वडीलच सांगू शकले असते. तुम्ही दोघीही खरे बोलत आहात आणि तरी एकीची आठवण चुकीची आहे. यात कोणाच्या मेंदूचा आजार नाही. बहिणीशी अबोला धरला असेल तर आजच फोन लावा.

सासूबाईंबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते मी दोनदा वाचले. त्या सोंग करीत नव्हत्या. स्मृती ही एकच पेटी असती तर मुलाचा चेहरा हरवताना मांडेही हरवले असते. पण तिच्या पेट्या वेगवेगळ्या आहेत, हे १९५३ सालच्या एका शस्त्रक्रियेनंतर जगाला कळले. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा बराचसा भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण तयार होणेच बंद झाले. आत्ता भेटलेला माणूस बाहेर जाऊन परत आला की तो अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला फक्त आरशात पाहून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार बसला, आणि प्रत्येक दिवशी हे आपण आधी कधी केलेच नाही अशी त्याची खात्री होती. २००८ साली, ८२ व्या वर्षी तो वारला, तोवर संशोधनात त्याला केवळ आद्याक्षरांनी ओळखत.

अल्झायमरच्या आजारात पहिला घाव बहुधा याच हिप्पोकॅम्पसवर आणि त्याच्या शेजारच्या भागांवर पडतो. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही पण माहेरची विहीर आठवते, आणि मग हळूहळू जवळच्यांचे चेहरेही जातात. हाताची सवय मेंदूच्या दुसऱ्या भागांत राहते. पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांच्या पाठीवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि उलट्या खापरावर अलगद सोडायची, हे सासूबाईंनी चाळीस-पन्नास वर्षे केले. ते त्यांना 'आठवावे' लागतच नव्हते. कानबाईची गाणीही तशीच. पहिली ओळ दुसरीला ओढून आणते आणि चाल तिसरीला. 'इसरी गयी व माय' असे म्हणून त्या तुमच्याकडे पाहत राहायच्या, असे तुम्ही लिहिले आहे; ते खरेच होते. तेव्हा तुम्हाला हे कोणी समजावून सांगितले नाही, यात तुमचा दोष नाही.

राहिला डॉक्टरांचा भाग. कोणत्या गोष्टीवर थांबू नये ते सांगतो. एकच प्रश्न अर्ध्या तासात चार वेळा विचारला जाणे आणि विचारल्याचे भानही नसणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, आयुष्यभर सांभाळलेला पेन्शनचा किंवा किराण्याचा हिशेब अचानक न जमणे, शंभरदा केलेल्या स्वयंपाकाचा क्रमच हरवणे, स्वभाव बदलणे. यांतले काही तुमच्यात दिसते का, हे स्वतःला नव्हे, यजमानांना विचारा. 'वय झाले' हे उत्तर मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. कोणी काही तासांत किंवा दिवसांत एकदम गोंधळला, बरळू लागला, तर ते साधे विसरणे नसते, लगेच रुग्णालय गाठावे.

तुमच्या पत्रात याच्याशी संबंधित दोन गोष्टी सहज येऊन गेल्या आहेत. तुम्ही शुद्ध शाकाहारी आहात आणि मेटफॉर्मिन ९ वर्षे चालू आहे. हे औषध दीर्घकाळ घेतल्याने शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, शाकाहारात ते मुळातच कमी मिळते, आणि त्याच्या कमतरतेने विसराळूपणा, थकवा, पायांना मुंग्या येणे असे त्रास होतात. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगून बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, सोबत साखर आणि रक्तदाबही. निवृत्तीपासून पहाटे तीनला जाग येते, कशात मन लागत नाही, असेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. ते ओझरते सांगू नका, नीट सांगा, कारण उदासीनतेतही माणूस अगदी असाच विसरतो आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. झोपेची किंवा सर्दी-खाजेची गोळी रोज घेत असाल तर तीही पिशवीत घालून न्या, काही गोळ्यांनी स्मृती मंदावते. ऐकू कमी येत असेल तर कान दाखवा, जे ऐकूच आले नाही ते लक्षात कसे राहील?

मुलाच्या गोळ्या घेऊ नका. निरोगी माणसाची स्मरणशक्ती वाढते असा भरवशाचा पुरावा अशा गोळ्यांबद्दल नाही, आणि जाहिरातीतल्या आजोबांना पाठ झालेला संवाद हा पुरावा नव्हे. त्याला पैसे पाठवायचेच असतील तर रक्ततपासणीला पाठवू दे. शब्दकोडी आवडत असतील तर सोडवा. त्यांनी मुख्यतः शब्दकोडी सोडवण्याची सवय सुधारते. रोजचे चालणे त्याहून उपयोगाचे आहे.

आता सतरावी नोंद. तिथे तारीख आहे, वेळ आहे आणि पुढे एवढेच लिहिले आहे : 'आजही ते राहूनच गेले.' 'ते' म्हणजे काय, हे झेरॉक्समध्ये कुठेच नाही. तुम्हालाही आता आठवत नसेल, तर ती नोंद खुशाल खोडून टाका. बी-१२चा अहवाल आला की आकडा मात्र आठवणीने कळवा.